लाईन गेल्यावरचे ७२ तास: रुग्णालय, पाणी आणि अग्निशमनासाठी आपत्कालीन विजेची आखणी

नागपुरात आपत्कालीन विजेची आखणी बहुतेक ठिकाणी जनरेटरच्या कोटेशनपासून सुरू होते. निधी मंजूर होतो, तीन कोटेशनं येतात, सर्वांत मोठा सेट घेतला जातो आणि आवारात कोपऱ्यात उभा राहतो. मग जूनच्या पहिल्या वावधानात झाड तारांवर पडतं, लाईन जाते, आणि तो सेट सुरू होत नाही. झालाच तर ज्या खोलीला वीज हवी ती अंधारात राहते आणि अधीक्षकांच्या केबिनमधला एसी चालू होतो. हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे. जनरेटर ही या कामातली शेवटची खरेदी आहे. त्याआधी बरंच काही ठरवायचं असतं, आणि ते ठरावीक क्रमानेच.

हा लेख महापालिकेची व ग्रामीण रुग्णालयं, पाण्याचे पंपघर, अग्निशमन केंद्रं आणि नियंत्रण कक्ष सांभाळणाऱ्यांसाठी आहे. काम जानेवारीत हाती घ्या. नागपूरला वर्षातून दोन परीक्षा असतात, मे अखेरचा नवतपा आणि त्यामागोमाग येणारा पाऊस. दोन्हींच्या आधी चाचणी पूर्ण व्हायला हवी.

## टप्पा १: भाराची यादी पायी फिरून करा

जुन्या नकाशावरून किंवा वीजबिलावरून यादी करू नका. वायरमन, सिस्टर आणि भांडारपाल अशा तिघांना बरोबर घ्या आणि प्रत्येक खोलीत जा. वायरमनला तार कुठून येते ते माहीत असतं, पण कोणतं यंत्र बंद पडलं तर बाळ दगावेल हे सिस्टरलाच माहीत असतं. प्रत्येक उपकरणासमोर एकच प्रश्न विचारा: हे किती वेळ बंद राहिलेलं चालेल?

उत्तरांवरून तीन गट पडतात.

अ गट, क्षणभरही नाही: ऑपरेशन टेबलावरचा दिवा, व्हेंटिलेटर, भूल देण्याचं यंत्र, मॉनिटर, नियंत्रण कक्षातली वायरलेस यंत्रणा. टेबलावरच्या दिव्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक अर्ध्या सेकंदाचं आहे. एवढ्यात कुठलाही डिझेल सेट उठत नाही, म्हणून इथे यूपीएस लागतोच.

ब गट, १५ सेकंद ते काही मिनिटं: ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, नवजात बाळांचे वॉर्मर, सक्शन, जिन्यांतले दिवे, थिएटरचं वातानुकूलन, फायर पंप. कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या रुग्णाशेजारी तेवढ्या मिनिटांसाठी भरलेला सिलिंडर हवाच.

क गट, तासभर किंवा अधिक: लस आणि रक्ताचे फ्रिज, पाण्याचा पंप, धुलाई, कार्यालय. लसीला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागतं. बर्फाचं अस्तर असलेला फ्रिज झाकण बंद ठेवल्यास बराच वेळ थंडावा धरतो. पण दर दहा मिनिटांनी कोणी झाकण उघडून ‘ठीक आहे ना’ म्हणून पाहत असेल तर तो थंडावा लवकर संपतो.

यादी झाली की क्लॅम्प मीटर घेऊन प्रत्यक्ष अँपिअर मोजा. मेमधल्या दुपारी एकदा आणि मध्यरात्री एकदा. दोन्ही आकडे पुढे लागणार आहेत.

नेहमीची चूक: प्लेटवर लिहिलेल्या वॉटची बेरीज करून भार धरणे. त्यात सगळी उपकरणं एकाच वेळी पूर्ण जोरात चालतात असं गृहीत असतं, शिवाय भिंतीत लपलेला गीझर सुटतो तो सुटतोच.

## टप्पा २: आकार काढा

उदाहरण म्हणून ३० खाटांचं रुग्णालय घेऊ. थिएटर आणि प्रसूतिगृह ४ किलोवॉट, चार वॉर्मर २.५, दहा कॉन्सन्ट्रेटर ५, लस व रक्ताचे फ्रिज १.५, आवश्यक दिवे-पंखे ४, थिएटरचे दोन एसी ४, पाच अश्वशक्तीचा पंप ४. बेरीज २५ किलोवॉट. उद्याच्या वाढीसाठी पाव भाग धरला की ३१ च्या आसपास.

इथून पुढे नागपूरचं ऊन हिशेबात येतं. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं. बाहेर ४५ असेल तेव्हा जनरेटरच्या बंदिस्त खोलीत त्याहून बरंच जास्त असतं, आणि इंजिनची ताकद उष्णतेने घटते. किती घटते याचा तक्ता उत्पादक देतो. तो कोटेशनसोबत लेखी मागा. उदाहरणात १० टक्के घट धरू: ३१ चे सुमारे ३५ किलोवॉट झाले. जनरेटरची क्षमता केव्हीएमध्ये सांगतात, म्हणून ०.८ पॉवर फॅक्टरने भागलं की सुमारे ४४ केव्हीए. बाजारातला ४५ केव्हीएचा सेट बसतो.

पण थांबा, पंप राहिला. पाच अश्वशक्तीची मोटर थेट सुरू केली की पहिल्या क्षणी सहापट करंट ओढते, म्हणजे सुमारे ३२ केव्हीए. बाकीच्या २१ किलोवॉटचे सुमारे २५ केव्हीए आधीच चालू असतील तर त्या क्षणी मागणी ५७ च्या घरात जाते. व्होल्टेज कोसळतं, मॉनिटर बंद पडतात, कॉन्टॅक्टर सुटतात. अशा वेळी लोक ६२.५ किंवा थेट १२५ केव्हीएचा सेट घेतात. तसं करू नका. पंपाला सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे मोटर हळूहळू सुरू करणारं यंत्र लावा, किंवा निदान स्टार-डेल्टा स्टार्टर. आणि बाकीचा भार चढण्याआधी, सर्वांत पहिला पंपच सुरू होईल असा क्रम बसवा. काही हजारांत सुटणाऱ्या प्रश्नासाठी लाखोंचा सेट घेण्यात अर्थ नाही.

मोठा सेट नुसता महाग नाही, अपायकारकही आहे. आपल्या रुग्णालयाचा रात्रीचा भार १२ किलोवॉट असेल तर ४५ केव्हीएच्या सेटवर तो एक तृतीयांश येतो. १२५ केव्हीएच्या सेटवर तोच भार १२ टक्के. डिझेल इंजिन तासन्‌तास ३० टक्क्यांच्या खाली चाललं की इंधन नीट जळत नाही, कार्बन आणि तेलकट काजळी साचते, आणि खरी गरज पडते त्या दिवशी इंजिन पूर्ण ताकद देत नाही.

तपासा: सेटच्या क्षमतेच्या तुलनेत मध्यरात्रीचा भार किती टक्के येतो? ३० च्या खाली असेल तर आकार पुन्हा काढा.

## टप्पा ३: महावितरणचा पुरवठा आधी पक्का करा

‘आम्हाला दोन फीडर आहेत’ हे वाक्य मी ऐकलं की एकच विचारतो: दोन्ही कुठून येतात? बहुतेक वेळा दोन्ही ११ केव्ही फीडर एकाच उपकेंद्रातून निघालेले असतात, किंवा शेवटचे दोनशे मीटर एकाच खांबावरून येतात. मग एक झाड पडलं की दोन्ही जातात.

महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज करून आपल्या जोडणीचं एकरेषीय आरेखन मागा. त्यावर तीन गोष्टी पाहा. दोन फीडर वेगळ्या उपकेंद्रांवर आहेत का? ती उपकेंद्रं महापारेषणच्या वेगवेगळ्या अतिउच्चदाब केंद्रांवरून पोसली जातात का? आणि आपल्या दारातला आरएमयू (रिंग मेन युनिट, म्हणजे फीडर जोडण्या-तोडण्याची पेटी) जमिनीपासून किती उंचीवर बसवला आहे?

मग पायी जा. उपकेंद्रापासून आवारापर्यंत लाईनखालून चाला आणि तारांना टेकलेली फांदी, वाकलेला खांब, गटारात उघडा पडलेला केबल जॉइंट यांचे फोटो काढून पत्रासोबत द्या. नुसतं ‘पुरवठा वारंवार खंडित होतो’ असं लिहिलेल्या पत्रापेक्षा खांब क्रमांकासह फोटो दिलेल्या पत्रावर लवकर हालचाल होते.

कोराडी आणि खापरखेडा ही वीजनिर्मिती केंद्रं शेजारी आहेत म्हणून नागपूरला धोका नाही, असा समज ठेवू नका. केंद्रात तयार झालेली वीज ग्रीडमधून, उपकेंद्रातून, डीपीतूनच तुमच्या दारात येते आणि तुटते ती बहुधा शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये. डीपी जळाली तर कोराडीच्या चिमण्या दिसत असल्या तरी तुमचा वॉर्ड अंधारातच राहतो.

## टप्पा ४: जागा ठरवा, पाणी आणि ऊन दोन्ही बघून

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, मोरभवन बसस्थानक अशा ठिकाणी शिरलं. लोक झोपेत होते. तुमच्या परिसरात त्या दिवशी पाणी कुठपर्यंत आलं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा आणि भिंतीवर रंगाने खूण करा. ती खूण हा तुमच्या आराखड्यातला सर्वांत खात्रीचा आकडा आहे.

त्या खुणेच्या वर काय काय हवं? इथेच सगळे चुकतात. जनरेटर उंच ओट्यावर चढवतात आणि चेंजओव्हर पॅनेल, म्हणजे भार लाईनवरून जनरेटरवर वळवणारं पॅनेल, तळघरात ठेवतात. एका इमारतीत मी पाहिलं, सेट कोरडा ठणठणीत आणि सुरू होता, पण पॅनेलमध्ये गुडघाभर पाणी. वीज तयार होत होती, वॉर्डात पोचत नव्हती. खालीलपैकी एकही गोष्ट खुणेखाली राहिली तर बाकीचा खर्च वाया जातो:

- जनरेटर, त्याची स्टार्टिंग बॅटरी आणि कंट्रोल पॅनेल
- डिझेल टाकी आणि तिच्या हवेच्या नळीचं तोंड
- चेंजओव्हर आणि आपत्कालीन वितरण पॅनेल
- यूपीएस आणि त्याच्या बॅटऱ्या
- या सगळ्यांना जोडणाऱ्या केबलचे जॉइंट

उन्हासाठी दुसरी काळजी. रेडिएटरमधून निघालेली गरम हवा समोरच्या भिंतीवर आपटून परत आत ओढली जाते आणि सेट ‘हाय टेम्परेचर’ दाखवून बंद पडतो. मे महिन्यातल्या तक्रारींचं हे मुख्य कारण. हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची तोंडं विरुद्ध दिशांना हवीत.

सावधान: धुराड्याचं तोंड वॉर्डाच्या खिडकीकडे किंवा एसीच्या हवा ओढणाऱ्या जाळीकडे नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

## टप्पा ५: डिझेलचा हिशेब

आपल्या सेटवर सरासरी २० किलोवॉट भार असेल आणि लिटरमागे साधारण ३ युनिट मिळत असतील तर तासाला सुमारे ७ लिटर लागतात. २४ तासांना १६०, ७२ तासांना ४८० लिटर. रुग्णालयाने ७२ तासांचा साठा ठेवावा असं माझं मत आहे, कारण पुरात पहिला दिवस रस्ता मोकळा होण्यातच जातो.

नियमाची बाजू: डिझेल ‘ब’ वर्गातलं पेट्रोलियम आहे. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नाही, एवढ्या साठ्याला परवाना लागत नाही. त्यावर गेलात तर पेसोचा, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेचा परवाना. त्याचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे, शंका असेल तर विचारून घ्या. नव्या जनरेटरच्या उभारणीसाठी विद्युत निरीक्षकांकडची प्रक्रियाही याच टप्प्यात सुरू करा. सेट येऊन पडल्यावर नव्हे.

पेट्रोलपंपाशी करार करताना एक प्रश्न विसरू नका: ‘तुमच्याकडे जनरेटर आहे का?’ लाईन नसेल तर पंपाचं यंत्रही डिझेल उपसत नाही. नदीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, असे दोन पंप ठरवा. तातडीत रोख पैसे कोणाच्या सहीने निघतील, तेही आताच लिहून ठेवा.

साठवलेलं डिझेल नासतं. टाकीच्या तळाशी पाणी जमतं, त्यात बुरशी धरते, फिल्टर तुंबतो. पावसाळ्याआधी आणि नंतर तळाचा नळ उघडून पाणी काढा. चाचणीत जुनं डिझेल वापरा आणि नवं भरा.

## टप्पा ६: जोडणी

या कामाला परवानाधारक विद्युत ठेकेदारच लावा. तुम्ही पाहायचं ते एवढं:

१. अ आणि ब गटांसाठी वेगळं आपत्कालीन पॅनेल आणि वेगळे केबल. मुख्य पॅनेलवर सगळं एकत्र ठेवून ‘लाईन गेली की एसी बंद करा’ अशी पाटी लावणं हा उपाय नाही. रात्री दोनला ती पाटी कोणी वाचत नाही.

२. चेंजओव्हर चार पोलचा आणि इंटरलॉक असलेला, म्हणजे लाईन आणि जनरेटर एकाच वेळी जोडू न देणारा.

सावधान: इंटरलॉक नसलेल्या जोडणीतून तुमच्या जनरेटरची वीज उलटी महावितरणच्या लाईनवर जाते. ती डीपीत चढून ११ केव्ही होते आणि लाईन बंद आहे म्हणून खांबावर चढलेला लाइनमन मरतो. यात तडजोड नाही.

३. बाहेरून भाड्याचा सेट आणून जोडता येईल असं एक टर्मिनल इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर, पूररेषेच्या वर, आधीच बसवा. फेजचा क्रम त्यावर रंगाने लिहा. क्रम उलटला की पंप उलटा फिरतो. आवाज येतो, पाणी चढत नाही, आणि टाकी का भरत नाही हे कळायला दोन तास जातात.

४. अर्थिंग. आपल्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा रोध वाढतो. मोजमाप पावसाळ्यानंतर करून चांगला आकडा नोंदवण्यात काही हशील नाही. मे महिन्यात मोजा.

५. यूपीएसच्या बॅटऱ्या थंड खोलीत. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. जिन्याखालच्या पत्र्याच्या खोलीत पाच वर्षांची बॅटरी दोन उन्हाळ्यांतच जाते.

आता सोलर. ‘छतावर पॅनेल आहेत, आम्हाला काळजी नाही’ असं म्हणणाऱ्यांना एकदा भर दुपारी मेन स्विच पाडून दाखवा. ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाईन जाताच स्वतः बंद होतो, लाइनमनच्या सुरक्षिततेसाठी तो तसाच बनवलेला असतो. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर असेल तरच सोलर अंधारात उपयोगी. छोट्या आरोग्य केंद्रात लसीचा फ्रिज, प्रसूतीच्या खोलीचे दिवे आणि एक कॉन्सन्ट्रेटर एवढ्यासाठी तो उत्तम आहे, कारण डिझेल आणायला जावं लागत नाही.

## टप्पा ७: पाणी आणि अग्निशमनाचं गणित वेगळं

नागपूरचं पाणी पेंच आणि कन्हानवरून येतं. ते उपसणाऱ्या मोठ्या मोटरींना डिझेल सेट पुरवणं बहुधा परवडत नाही, आणि तसा हट्टही धरू नये. तिथली आखणी तीन गोष्टींवर उभी राहते: खऱ्या अर्थाने वेगळे दोन फीडर, भरलेले जलकुंभ, आणि टँकर. वादळाचा इशारा आला की लाईन जाण्याआधी जलकुंभ पूर्ण भरून घ्यायचे हे लेखी ठरलेलं असावं. भरलेला जलकुंभ ही साठवलेली वीजच आहे; उंचावरचं पाणी मोटरीशिवाय खाली येतं. रुग्णालयांना जाणारा व्हॉल्व्ह चालू ठेवून बाकीचे कोणत्या क्रमाने बंद करायचे, ती यादी व्हॉल्व्हमनच्या खिशात असावी. टँकर भरण्याच्या ठिकाणच्या पंपाला मात्र जनरेटर हवाच, तो विसरला जातो.

अग्निशमन केंद्रात भार थोडा, पण नेमका. विजेवर उघडणारं शटर हाताने उघडतं का? दर महिन्याला उघडून बघा. वायरलेस, चार्जर, दिवे आणि गाड्या भरण्याचा पंप यांना छोटा सेट पुरतो. मोबाइलवर विसंबू नका. टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात.

## टप्पा ८: चाचणी, खरी

एका ठिकाणी मी ऑपरेटरला विचारलं, “भाऊ, सेट चालवून बघता का?”

“रोज चालवतो जी, दहा मिनिटं.”

“भारावर?”

“नाही जी, भारावर कशाला? वॉर्डात लाईट झपकते, डॉक्टर ओरडतात.”

तो मनापासून काम करत होता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. रोज दहा मिनिटं बिनभाराचं चालवणं हे इंजिनला काजळी चढवण्याचं काम आहे. आणि त्यातून चेंजओव्हर चालतो की नाही हे कळतच नाही.

असं करा. आठवड्याला नुसती पाहणी: स्टार्टिंग बॅटरी, तेल, पाणी, डिझेल, गळती. महिन्याला ३० मिनिटं, किमान ३० टक्के भारावर. आणि वर्षातून दोनदा, मेच्या पहिल्या पंधरवड्यात भर दुपारी आणि पावसाळ्यात रात्री, मुख्य ब्रेकर पाडून चार तास. डॉक्टर आणि सिस्टरांना आधी कळवून, शस्त्रक्रिया नसलेल्या वेळी, व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णाशेजारी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) घेऊन एक माणूस उभा करून. दुपारची चाचणी टाळण्याचा मोह होतो, पण सेट तापून बंद पडतो की नाही हे जानेवारीत कळत नाही.

सेट सुरू न होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण स्टार्टिंग बॅटरी. दुसरं, दुरुस्तीनंतर सिलेक्टर ‘ऑटो’वर परत न ठेवणं. तिसरं, बंद राहिलेला डिझेलचा व्हॉल्व्ह. तिन्हींना पैसे लागत नाहीत, लक्ष लागतं.

तपासा: ब्रेकर पडल्यापासून आपत्कालीन पॅनेलवर वीज येईपर्यंतचे सेकंद घड्याळाने मोजा आणि रजिस्टरात लिहा. हा आकडा दर वेळी वाढत असेल तर बिघाड येतोय.

## टप्पा ९: पहिल्या दहा मिनिटांचं पान

पॅनेलशेजारी एक लॅमिनेट केलेलं पान, मोठ्या मराठी अक्षरांत. त्यावर हुद्दे लिहा, कारण माणसं बदलतात: रात्रपाळीचा वायरमन पॅनेलकडे, सिस्टर इन्चार्ज अ गटाच्या खोल्यांत, सुरक्षा रक्षक लिफ्टकडे. कोणी अडकलं आहे का, हे हाक मारून बघायचं. सेट ३० सेकंदांत उठला नाही तर हाताने सुरू करण्याच्या पायऱ्या, चित्रांसह. क्रमांक: महावितरण १९१२, अग्निशमन १०१, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. शिवाय उपविभागाच्या अभियंत्याचा आणि डिझेलवाल्याचा, दर तिमाहीला फोन लावून पडताळलेला. पॅनेल रूमची एक चावी काचेच्या पेटीत. ‘चावी साहेबांकडे आहे’ या उत्तरामुळे मी पाऊण तास अंधारात उभा राहिलो आहे.

## टप्पा १०: लाईन परत आल्यावर

घाई करू नका. परत आलेला पुरवठा पहिल्या काही मिनिटांत पुन्हा जातो, कमी दाबाने येतो किंवा एक फेज गायब असतो. सिंगल फेजवर पंपाची मोटर जळते. तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजा, दहा मिनिटं स्थिर राहू द्या, मग भार परत न्या: आधी क गट, सर्वांत शेवटी अ. सेट लगेच बंद न करता पाच मिनिटं बिनभाराचा चालू द्या, इंजिन थंड होतं.

त्यानंतर, त्याच पाळीत, घरी जाण्यापूर्वी: टाकी पुन्हा भरा, तेल बघा, वापरलेले ऑक्सिजन सिलिंडर बदला, किती वाजता लाईन गेली आणि किती वाजता आली ते लिहा, सिलेक्टर ‘ऑटो’वर ठेवा, आणि तो ‘ऑटो’वर आहे हे दुसऱ्या माणसाला डोळ्यांनी बघायला लावून दोघांच्या सह्या घ्या.